ताईचा बॅज आणि माझा टी-झोन

माझ्या पर्समध्ये एखाद वेळी लोकलचा पास नसेल, पण ब्लॉटिंग पेपरचं पाकीट असतंच. निळसर, पातळ, बोटभर लांबीचे कागद. ठाण्याहून फास्ट लोकल, कुर्ल्याला उतरून बीकेसीची शेअर रिक्षा, मग सिक्युरिटीची रांग... लिफ्टच्या आरशात स्वतःला बघते तेव्हा माझं कपाळ आणि नाक असं चमकत असतं, की त्यात समोरच्याने केस नीट करून घ्यावेत! मग एक कागद काढायचा, कपाळावर दाबायचा, नाकावर दाबायचा. कागद पारदर्शक होतो. तो चुरगळून डस्टबिनमध्ये, आणि आपण 'गुड मॉर्निंग' म्हणायला मोकळे.

कॉलेजपासून या तेलाशी माझी लढाई चालू आहे. मुलतानी माती झाली, कडुनिंबाचा फेसवॉश झाला, बाराशे रुपयांचं 'ऑइल-फ्री' मॉइश्चरायझर झालं. तेल जिंकलं.

पण हल्ली तो कागद फेकताना माझा हात क्षणभर थांबतो. आणि आठवतो तो ताईचा बॅज. आता म्हणाल, तेलकट नाकाचा आणि बॅजचा काय संबंध? सांगते.

माझी ताई पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात कॅथ लॅब टेक्निशियन आहे. म्हणजे अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी जिथे चालते तिथे. डॉक्टर तार हृदयापर्यंत नेत असतात आणि एक्स-रे सतत चालू असतो, स्क्रीनवर दिसावं म्हणून. पेशंटच्या अंगावर पडलेले थोडे किरण विखरून खोलीभर उडतात. म्हणून आतल्या सगळ्यांच्या अंगावर शिशाचा जड अ‍ॅप्रन. आणि त्या अ‍ॅप्रनच्या आत, छातीशी, टीएलडी बॅज.

हा बॅज म्हणजे आयकार्डासारखीच एक छोटी प्लास्टिकची डबी. आत तीन चकत्या असतात. किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा या चकत्यांत अडकून राहते. तीन महिन्यांनी बॅज लॅबमध्ये जातो, चकत्या तापवतात, आणि अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. जितका उजेड, तितका डोस. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने ही पद्धत बसवली आणि देशभरातले रेडिएशनमध्ये काम करणारे लोक ती वापरतात. आमच्या घरी त्या बॅजला 'ताईचं मंगळसूत्र नंबर दोन' म्हणायचे. खरं मंगळसूत्र ती ड्युटीवर काढून ठेवायची, हे नाही!

तर, फेब्रुवारी २०१८. माझं लग्न. ताईने दहा दिवसांची रजा टाकली आणि नाशिकला आली. मेंदी, हळद, संगीत, सगळीकडे तीच पुढे. हळदीला तिने मला इतकी हळद आणि तेल चोपडलं, की फोटोत माझा चेहरा तळलेल्या भजीसारखा दिसतो. ती मात्र झकास दिसते.

मे महिन्यात तिचा फोन आला. दुपारी, ऑफिसच्या वेळात. ताई कधीच त्या वेळी फोन करत नाही.

"अगं, माझं रीडिंग आलंय. बारा."

"बारा काय?"

"मिलिसिव्हर्ट. जानेवारी ते मार्चचं. दर वेळी शून्याच्या आसपास असतं."

मी नुसतं "हं" म्हटलं. मग तिने हळूच विचारलं, "कळतंय ना तुला?" आणि मला कळलं. ताईला तेव्हा दहावा आठवडा चालू होता. भावजी, आई आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. मी मनातल्या मनात उलटं मोजलं. मे, एप्रिल, मार्च. बाळाची सुरुवात त्या बॅजच्या तिमाहीच्या शेवटी झालेली होती.

आकड्यांचं सांगायचं तर बारा म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. आपल्याला सगळ्यांनाच जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. आपल्याकडच्या नियमानुसार अशा कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०, आणि कुठल्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० चालतात. पण गरोदरपण कळल्यापासून पोटातल्या बाळासाठी मर्यादा उरते ती फक्त १. त्यामुळे 'बारा' हा आकडा ताईसाठी वेगळा होता आणि तिच्या पोटातल्या जिवासाठी वेगळा.

हॉस्पिटलात चौकशी लागली. नियमच आहे तो, त्यात काही गैर नाही. गैर होता तो सूर. "बॅज नीट वापरत नाही तुम्ही लोक, म्हणून असं होतं." एक फॉर्म भरा. बॅज कुठे ठेवता? कोणाला दिला होता का? अ‍ॅप्रनला लावून विसरलात का?

आणि इथे ताईला आठवलं. रजेवरून परत आली त्या दिवशी बॅज तिच्या ड्रॉवरमध्ये नव्हता. तो अ‍ॅप्रनलाच लटकत होता, आणि अ‍ॅप्रन लॅबच्या आतल्या स्टँडवर. रजेच्या आदल्या दिवशी उशिरापर्यंत केस चालली होती, बस पकडायची होती, अ‍ॅप्रन काढून अडकवला आणि पळाली. म्हणजे ती नाशिकला 'झिंग झिंग' करत नाचत होती, तेव्हा तिचा बॅज इमानदारीत ड्युटी करत होता!

मी लगेच म्हटलं, "मग सुटलीस की! लग्नाचा अल्बम पाठवते, दे पुरावा." आम्ही दोघी हसलोही. पण ताई एकदम गप्प झाली. "रजेचा पुरावा आहे गं. डोसचा नाही."

मुद्दा असा होता, की बॅजला फक्त बेरीज येते. तारखा येत नाहीत. ते बारा त्या दहा दिवसांतच जमा झाले, की उरलेल्या दिवसांत कधी ती टेबलाजवळ जास्त वेळ उभी होती तेव्हा? स्टँड त्या दहा दिवसांत टेबलापासून किती लांब होता? कोणालाच धड सांगता येईना. चकत्यांतून निघालेला उजेड सारखाच. बॅजला ताईचं नाव होतं, पण त्याला ताई माहीत नव्हती.

"माझ्या अंगावरूनच कळणार नाही का?" ताईने विचारलं. उत्तर होतं. कळतं, पण एवढं थोडं नाही.

रक्ताची एक टेस्ट असते, आणि ती या कामातली सगळ्यात भरवशाची मानली जाते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेऊन साधारण दोन दिवस लॅबमध्ये वाढवतात आणि मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं बघतात. जोरदार रेडिएशनने गुणसूत्रं तुटतात आणि काही चुकीची जोडली जातात. दोन कंबरा असलेलं एखादं विचित्र गुणसूत्र तयार होतं, त्याला डायसेंट्रिक म्हणतात. शेकडो पेशी तपासून अशी किती सापडतात ते मोजायचं. पण डोस साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या खाली असेल तर ही टेस्ट काही सांगू शकत नाही, कारण अशी एखाद-दुसरी जोडी तुमच्या-माझ्या रक्तातही सापडते. ताईचे बारा त्या गर्दीत हरवलेच असते.

ताईच्या गायनॅक डॉक्टर फार चांगल्या होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं, की बाळाला १०० मिलिग्रेपेक्षा कमी डोस मिळाला असेल तर निव्वळ रेडिएशनच्या कारणाने गर्भपाताचा विचारही करू नये, असं जगभरातले तज्ज्ञ सांगतात. आणि बारा तर फारच खाली. आईला पटलं. भावजींना पटलं. ताईलाही पटलं. पण रात्री अकराला तिचा मेसेज यायचा. "घाबरले नाहीये गं. फक्त ते माझ्यावर पडलंय की नाही, एवढं कोणीतरी सांगा."

चौकशीचा निष्कर्ष आला. डोस बहुतेक बॅजलाच मिळाला, व्यक्तीला नाही. बहुतेक! ताईने पुढचे सहा-सात महिने त्या एका शब्दाबरोबर काढले. सोनोग्राफीला जाताना, डोहाळजेवणात फुलांच्या वाडीत बसताना, रात्री कुशीवर वळताना.

डिसेंबरमध्ये मुलगी झाली. तीन किलो, जावळ भरपूर, आवाज ताईचा.

आता तेलाकडे येते.

२०१९मध्ये, भाची काही महिन्यांची असताना, मी एका स्कॉटिश बाईंबद्दल वाचलं. जॉय मिल्न, निवृत्त नर्स. नवऱ्याच्या अंगाचा वास बदललाय हे त्यांना त्याच्या पार्किन्सन्सचं निदान व्हायच्या कितीतरी वर्षं आधी जाणवलं होतं. शास्त्रज्ञांनी त्यांची परीक्षा घेतली. बारा टी-शर्ट हुंगायला दिले, सहा पेशंटचे आणि सहा निरोगी लोकांचे. त्यांनी एकच चूक केली, निरोगी गटातल्या एकाला पेशंट म्हणाल्या. काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन्स निघाला! मग मँचेस्टर विद्यापीठात शोध सुरू झाला आणि कळलं, की वास येतो तो पाठीवरच्या तेलातून. आज तिथले संशोधक कापसाच्या बोळ्याने पाठ पुसून, त्यातले घटक यंत्रावर वेगळे करून, आजाराच्या खुणा शोधतात.

ज्या तेलाला मी दहा वर्षं शिव्या देत होते, त्यात माणसाच्या आतल्या बातम्या असतात. मी ताईला फोन केला.

तेव्हापासून मी या विषयाचं सापडेल ते वाचते. आपल्या त्वचेतलं तेल म्हणजे सीबम. केसांच्या मुळाशी छोट्या ग्रंथी असतात, त्यांतल्या पेशी स्वतःला तेलाने गच्च भरून घेतात आणि शेवटी फुटतात. म्हणजे नाकावर चमकतं ते नुसतं तेल नाही, अख्ख्या पेशीच विरघळून बाहेर आलेल्या असतात. पेशी तयार होऊन तेल होईपर्यंत दोनेक आठवडे जातात. म्हणजे माझ्या आजच्या कागदावर दोन आठवड्यांपूर्वीची मीसुद्धा थोडी असते. आणि आत काय काय? ट्रायग्लिसराइड, फॅटी अ‍ॅसिड, मेणासारखी संयुगं, थोडं कोलेस्टेरॉल आणि स्क्वालीन. ही सगळी मंडळी म्हणजे लिपिड.

रेडिएशनचं आणि लिपिडचं जुनं वैर. किरण शरीरातल्या पाण्यावर आदळले की फार तापट असे रेणू तयार होतात, आणि ते समोर येईल त्या लिपिडवर तुटून पडतात. फोडणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की खवट होतं ना, तशातलाच प्रकार, फक्त पेशीच्या आत. शिवाय तेलाच्या ग्रंथी रेडिएशनपुढे नाजूक असतात. कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या माणसाची त्या जागेची त्वचा कोरडी पडते, त्याचं एक कारण हेच. आणि ऐका, गेल्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर पिंपल्सवर चक्क एक्स-रे मारायचे! ग्रंथी सुकायच्या, पिंपल्स जायचे. पुढे त्यांतल्या काहींना थायरॉइडचा कॅन्सर निघाला, तेव्हा हा 'ब्यूटी पार्लर' प्रकार बंद झाला. माझ्या पिढीत जन्मले हे माझं नशीब.

म्हणून प्रश्न पडतो, की रेडिएशन लागल्यावर तेलातल्या लिपिडचं प्रमाण बदलत असेल, तर ते कागदावर टिपून डोस सांगता येईल का? संशोधक रक्त, लघवी, लाळ यांत तर अशा खुणा शोधतातच, त्वचेवरचं तेल ही त्याच रांगेतली पुढची शक्यता. सुई नको, डॉक्टर नको. कपाळावर कागद दाबा आणि पाकिटात घाला.

याची गरज किती आहे ते कळायला एकट्या ताईचा हिशोब पुरणार नाही. ब्राझीलमधलं गोयानिया शहर बघा. सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या कॅन्सर क्लिनिकमधलं रेडिओथेरपीचं यंत्र भंगारवाल्यांनी उचललं, फोडलं. आत निळं चमकणारं सीझियम निघालं. लोकांनी कौतुकाने घरी नेलं, अंगाला लावलं. दोन आठवड्यांनी उलगडा झाला आणि शहर हादरलं. स्टेडियममध्ये रांगा लागल्या, १,१२,००० लोकांची तपासणी झाली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात सीझियम सापडलं. चौघं गेली, त्यात एक सहा वर्षांची मुलगी होती. अंगावर सीझियम आहे का, हे मशीन लगेच सांगतं. पण शरीराने किती डोस खाल्ला ते सांगायला रक्ताचीच टेस्ट, आणि ती एकेका माणसाची, दिवसचे दिवस चालणारी. रांगेतले बाकीचे हजारो घरी गेले ते मनात 'बहुतेक' घेऊनच.

आपल्याकडेही झालंय हे. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीच्या भंगार बाजारात एका विद्यापीठाचं जुनं यंत्र लिलावातून आलं, त्यात कोबाल्ट-६० होतं. एक कामगार गेला, बाकीचे कित्येक दिवस हॉस्पिटलात. त्या गल्लीतल्या प्रत्येक चहावाल्याने, हमालाने तेव्हा ताईसारखाच प्रश्न विचारला असणार. माझ्यावर पडलंय का? त्यांच्याकडे तर बॅजही नव्हता.

पण उगाच स्वप्नं विकायला नकोत. तेलाची टेस्ट आज कुठल्याही हॉस्पिटलात मिळत नाही, आणि वाटेत अडचणी ढीगभर आहेत. पहिली, उंदीर. रेडिएशनचे प्रयोग बहुतेक उंदरांवर होतात, आणि माणसाचं तेल उंदराच्या तेलासारखं नसतं. सेपिएनिक नावाचं एक फॅटी अ‍ॅसिड आपल्या तेलात भरपूर असतं आणि त्याचं नावच मुळी 'होमो सेपियन्स'वरून पडलंय. दुसरी अडचण म्हणजे आपण स्वतः. वय, हार्मोन्स, ऊन, सनस्क्रीन, फाउंडेशन, सगळ्याने तेल बदलतं. हळदीच्या दिवशी माझ्या कपाळाचं सँपल घेतलं असतं तर यंत्राने हात जोडले असते! तिसरी अडचण मला सगळ्यात टोचते. लहान मुलांच्या त्वचेवर हे तेल फारच थोडं असतं, वयात आल्यावर ते वाढतं. म्हणजे गोयानियाच्या त्या सहा वर्षांच्या मुलीच्या कपाळाने फारसं काही सांगितलंच नसतं.

आणि चौथी गोष्ट मी ताईला फोनवर सांगितली तेव्हा ती हसली. हे सगळं संशोधन मुख्यतः मोठ्या डोससाठी आहे. अपघातात ज्यांना तातडीने उपचार हवेत अशांना गर्दीतून वेगळं काढायचं, म्हणजे साधारण २ ग्रेच्या आसपासचे आणि वरचे. ताईचे बारा त्याच्या शंभरावा भागही नाहीत.

"म्हणजे माझ्या नाकानेही 'बहुतेक'च म्हटलं असतं," ताई म्हणाली.

"हो."

"मग तू एवढं का वाचतेस त्यावर?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आता देते. त्या सात महिन्यांत ताईला सगळ्यांनी आकडे दिले, धीर दिला, फॉर्म दिले. तिच्याबद्दल बोलत होते, पण बघत होते बॅजकडे. कोणीतरी एकदा तिच्याकडे बघून, तिच्याच अंगावरून, तिला उत्तर द्यायला हवं होतं. उद्या एखाद्या मायापुरीत एखाद्या हमालाच्या कपाळावर कोणी कागद दाबून तासाभरात "तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा" असं सांगू शकलं, तर मला ते फार हवंय. तोवर बॅज आहे. तो नीट लावा, आणि ड्युटी संपली की खोलीबाहेर त्याच्या जागेवर ठेवा.

ताई तेच करते. मॅटर्निटी लीव्ह संपवून ती त्याच लॅबमध्ये परत गेली. आता ती सीनियर आहे आणि ज्युनियर पोरंपोरी तिला टरकून असतात. रोज संध्याकाळी बाहेरच्या बोर्डवरचे बॅज मोजते म्हणे. एक कमी असला तर फोन करून परत बोलावते, मग तो स्टेशनवर पोचलेला का असेना.

जन्माच्या दिवशी भाचीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर लोण्यासारखा पांढरा थर होता. मी पुसायला निघाले तर नर्सने हात धरला. "राहू दे, चांगलं असतं ते." मागाहून वाचलं, की त्या थरात बाळाच्या स्वतःच्या ग्रंथींचं तेलही असतं. पोटात असतानाच तयार झालेलं. मग काही महिन्यांत त्या ग्रंथी झोपतात, त्या थेट वयात आल्यावर जाग्या होतात.

आता भाची शाळेत जाते. गेल्या दिवाळीत तिने माझी पर्स उचकटली आणि निळे कागद बाहेर काढले. "मावशी, हे काय आहे?"

मी माझ्या कपाळावर दाबून दाखवला. कागद पारदर्शक. तिला जादूच वाटली. मग तिने स्वतःच्या कपाळावर दाबला, गालावर दाबला, नाकावर घासला, आणि उजेडाकडे धरून बघितला. कागद कोराच.

ती हिरमुसली. "माझ्यात काहीच नाही आलं."

स्वयंपाकघरातून करंज्यांचं ताट घेऊन ताई आली. तिने तो कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "काहीच नाही ना? मग मस्त!"